आठ मैल

रविवार, तीन नोव्हेंबर १९३५. हातखंब्याच्या चौकीवर सकाळी सातचे टोले पडले आणि मिनिटभरात वळणापलीकडून किंकाळी आली. मैलाच्या दगडाशी महिपत मुकादम पालथा पडला होता. जांभ्या दगडाने त्याची कवटी फोडली होती. घाव तीन. तिसरा तो पडल्यावर घातलेला.

रस्त्यावर चहा विकणाऱ्या सखूने पोलिसांना सांगितले, "केरूच तो. वळनातून आला नि माज्या समोरनं रत्नागिरीकडं धावत ग्येला. तसा धावनारा हिकडं दुसरा कोन हाय?"

दुसरा कोणी नव्हता. केरू बावीस वर्षांचा, जवळच्याच वाडीतला. मार्चच्या पहिल्या रविवारी पुण्यात निवडीची शर्यत होती आणि तिथून बर्लिनच्या ऑलिंपिकला माणसे जायची होती. केरूचे नाव आप्पा मास्तरांनी कळवले होते. मास्तर रत्नागिरीच्या एका शाळेत कवायत शिकवत. बारा वर्षांचा असल्यापासून केरू त्यांच्याच हाताखाली धावत होता.

महिपत मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवी. केरू त्याला एका गिरणीच्या धावपटूंच्या संघासाठी हवा होता. केरूचा बाप शिवा नाही म्हणाला, तेव्हा महिपतने भर बाजारात वहाणेने त्याचे दोन दात पाडले. केरूने महिपतचा गळा आवळला. "तुजं मुंडकं फोडीन," हे चाळीस माणसांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी शिवाने घाबरून कराराच्या कागदावर अंगठा दिला. सोमवारी, चार तारखेला, केरूने मुंबईला जायचे ठरले. रविवारी महिपत मेला.

सर्व्हिस मोटारीने खुनाची बातमी साडेआठला रत्नागिरीत आणली. महिपतच्या माणसांना केरू बाजारातच सापडला. बांबूच्या माराने त्याच्या दोन बरगड्या मोडल्या, मग पोलिसांनी तो ताब्यात घेतला.

रत्नागिरीच्या चौकीत केरू एवढेच म्हणाला, "पाठीवर मारा. तळपायांना नको."

हवालदाराने त्याला उताणा पाडला आणि तळपायच धरले.

अकराच्या सुमारास आप्पा मास्तर आले. अंग घामाने निथळत होते, धोतर गुडघ्यापर्यंत लाल धुळीने भरले होते. त्यांनी हवालदाराची काठी दोन्ही हातांनी पकडली.

"तळपाय सोड त्याचे. मारायचंच तर मला मार."

"मास्तर, ही शाळा नव्हे," हवालदार म्हणाला आणि काठीचे टोक त्यांच्या तोंडावर मारले. ओठ फाटला. मास्तर जागचे हलले नाहीत. शेवटी फौजदाराने त्यांना केरूशी दोन मिनिटे बोलू दिले.

त्यानंतर केरूचा जबाब झाला. आपण शनिवारी रात्रीच रत्नागिरीत आलो, शाळेच्या ओट्यावर झोपलो, हातखंब्याला गेलोच नाही.

फेब्रुवारीत सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला. कचेरीचे शिरस्तेदार साक्षीला आले. त्या सकाळी ते फिरायला निघाले होते. रत्नागिरीतल्या जेलनाक्यावर त्यांना केरू भेटला, तेव्हा पावणेआठ वाजले होते. तो घामाघूम होता, पण तसा तो रोजच असे. हातखंब्याहून जेलनाका आठ मैल. सर्व्हिस मोटार त्या वेळी हातखंब्यालाच उभी होती. गावातल्या दोन्ही सायकली जागेवर होत्या.

सरकारी वकिलांनी आप्पा मास्तरांना विचारले, "पाऊण तासात आठ मैल धावता येतात?"

"येत असतील कुणाला. केरूला नाही."

"त्याची सर्वांत चांगली वेळ?"

"एक तास पाच मिनिटं."

"आणि याला तुम्ही बर्लिनला पाठवणार होतात?"

लोक हसले. मास्तर खाली पाहत म्हणाले, "शिकवणाऱ्याला आपलं पोर जलदच दिसतं."

वेळांची वही मागितली गेली. तिला वाळवी लागली, असे मास्तरांनी शपथेवर सांगितले.

मास्तर खोटे बोलत आहेत हे कोर्टात निदान दहा जणांना कळले होते. पोराची मान सोडवायला माणूस स्वतःची दहा वर्षे बुडवतो आहे, असे त्यांना वाटले. कोणी तोंड उघडले नाही.

केरू निर्दोष सुटला. मास्तरांची साक्ष वर्तमानपत्रात छापून आली. आठवड्याभरात पुण्याहून पत्र आले. एवढ्या मंद धावपटूला शर्यतीत घेता येत नाही, नाव कमी केले आहे. मास्तरांनी पत्र वाचले आणि केरूला सांगितले, "पुढच्या खेपेला बघू. चार वर्षं कशीही जातील."

सोमवारी, चोवीस फेब्रुवारीला, केरू लंगडत फौजदारापुढे उभा राहिला. शर्यत सहा दिवसांवर होती.

"साहेब, माजा जबाब खोटा हाय. नवा ल्ह्या. मी आठ मैल चव्वेचाळीस मिन्टांत धावलो. तुमच्या सहीनं पुन्याला कळवा."

फौजदाराने लेखणी उचलली. "म्हणजे तू हातखंब्याला होतास."

"हुतो. वकील म्हनाले, सुटलेल्याला फिरून त्याच गुन्ह्यात धरत नायत."

"महिपतला मारलंस?"

"नाय. तो जित्ता हुता, तवाच मी धावत सुटलो. सातच्या पयल्या टोल्याला."

"किंकाळी ऐकलीस?"

"ऐकली."

"मग मागं वळून पाहिलं नाहीस?"

"मागं बघितलं की वेळ जातो."

फौजदार लिहीत राहिला. "चव्वेचाळीस मिनिटं कशावरून? कुणी मोजली?"

"घड्याळ एकच. सुटताना चालू करून माज्या मुठीत दिलं. जेलनाक्यावर मी बंद केलं."

"चालू करून कुणी दिलं?"

"आप्पा मास्तरांनी," केरू म्हणाला. "मुकादमाशी भांडता भांडताच दिलं."