लहान जेट

"कार्ब्युरेटरचा सगळ्यात मोठा जेट द्या," काका दुकानदाराला म्हणाले. दरवेळी आणखी मोठ्या भोकाचा, जास्त पेट्रोल सोडणारा जेट बसवूनही आमची जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर जोतिबाच्या घाटात बंद पडत होती. आज चढली नाही, तर उद्या भंगारवाला तिला घेऊन जाणार होता.

मी तिचा प्लग काउंटरवर ठेवला. काळाकुट्ट, ओलसर. "काका, तिला पेट्रोल कमी नाही, जास्त होतंय. लहान जेट घ्या."

"ताकद पाहिजे आणि लहान घेऊ?"

"पोरी, शिलाई मशीन आहे काय ही?" दुकानदार हसला.

"तुम्ही पोटाला तडस लागेपर्यंत मटण हाणून घाट चढाल का?" मी विचारलं. काका खो-खो हसले आणि लहान जेट घेतला.

तो मीच बसवला. काका चालवायला, मी मागे. नेहमीचं बंद पडायचं वळण आलं. मी डोळे मिटणार होते, पण स्कूटर खणखणीत आवाज करत वळण पार करून गेलीसुद्धा! भर घाटात मी ओरडले, "चांगभलं!"

वर पोचताच काकांनी भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका हो. आमच्या मेकॅनिकबाई नको म्हणतायत."