एका गावाची दोन पाकिटं

दोन्ही पाकिटांत एकाच गावाचे फोटो होते. हे फक्त तिला माहीत होतं.

"नावं झाकली आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "वर एक आणि दोन, एवढंच लिहिलंय. नुसतं बघा आणि सांगा."

"आता ही कसली परीक्षा?" त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "गावं बघायला जायचंय की गावांचं लग्न जमवायचंय?"

ती हसली नाही. पाच वाजून गेले होते. सहाला सहलीचं ऑफिस बंद होणार होतं. त्याआधी एका गावाचं नाव कळवलं नाही, तर त्यांच्यासाठी धरून ठेवलेल्या दोन जागा दुसऱ्या कुणाला जाणार होत्या.

युरोपातली दोन छोटी, जुनी गावं. एक टेकडीवरचं, सगळंच्या सगळं तटाच्या आत; त्या तटावरून चालत अख्ख्या गावाला फेरी मारता येते. दुसरं नदीच्या वळणावरचं. तिथल्या लाकडी पुलाला घरासारखं छप्पर आहे. दोन्ही एकमेकांपासून लांब आणि तिची रजा आठ दिवसांची, म्हणजे एकच जमणार. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून असा प्रवास कधी केला नव्हता, म्हणून तिनं मोठ्या उत्साहानं हे काढलं. त्याला आता अडीच महिने झाले होते.

तिनं तट म्हटलं की तो म्हणायचा, पायऱ्या फार आहेत, तुझे गुडघे बोलायला लागतील. तिनं ते मान्य करून पूल म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्याला नदीकाठची ओल आठवायची. तिनं तक्ता आखला, चौदा गोष्टींना गुण दिले. तट पुढं जातोय असं दिसलं की तो पुलाला दोन गुण वाढवायचा. पूल पुढं गेला की तटाला.

"अगं, तो लहानपणापासून तसाच," नणंद फोनवर म्हणाली होती. "चपला घ्यायला गेला की दोन दुकानांच्या मधे रस्त्यात उभा राहायचा. तू आपली एक गाव ठरव आणि त्याला विमानात घाल."

तिला ते पटलं नव्हतं. हा माणूस आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं आखत आला होता. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत एका मिनिटाचा घोळ त्यानं खपवून घेतला नव्हता. त्याची ही धरसोड कुठून आली, तिला कळेना. आणि या तळ्यात-मळ्यातमध्ये आपल्याला स्वतःला कोणतं गाव आवडतं, तेही तिला आता सांगता येईना. राहून राहून एकच शंका यायची. त्याला आपल्याबरोबर जायचंच नसेल, आणि तोंडावर सांगायचा धीर होत नसेल.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथं कुणाच्या हाताबद्दल शंका आली की ती एकाच विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरायची, वेगवेगळे क्रमांक घालायची आणि त्याच्यापुढं ठेवायची. आकडे जुळले तर हात खरा. नाही जुळले तर पाण्याला बोल लावायचा नाही.

पाकिटांत तिनं टेकडीवरच्या गावाचेच फोटो घातले होते. तट दिसेल असा एकही नाही. नुसत्या गल्ल्या, दारं, खिडक्या, चौक.

त्यानं फोटो टेबलावर दोन ओळींत मांडले. बराच वेळ बघितले. "तुला कोणतं वाटतं?"

"दोन."

"दोनमधल्या गल्ल्या फार अरुंद आहेत गं. कोंदट वाटतं. एक कसं मोकळं आहे."

"खरंय," ती म्हणाली. "मग एक नंबरच घेऊ."

त्यानं पहिल्या ओळीतला एक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. "पण हे दगड बघ. पावसात घसरगुंडी व्हायची. त्यापेक्षा दोन बरं. उबदार आहे."

"अहो, दोन्ही एकच गाव आहे."

त्यानं फोटो खाली ठेवला. मग सगळे गोळा करून पत्त्यांसारख्या त्यांच्या कडा जुळवत बसला.

"तुम्हाला माझ्याबरोबर यायचं नाहीये," ती म्हणाली. "तसं सांगा. मी रागावणार नाही."

"यायचंय." त्यानं गठ्ठा टेबलावर ठेवला. "पण ठरलं की संपलं ना? दिवसभर मी घरात एकटा. तू येतेस, जेवतेस, अहवाल घेऊन आत जातेस. ही गावं निघाल्यापासून रोज संध्याकाळी इथं बसतेस. माझ्याशी वाद घालतेस. तिकडं आठच दिवस आहेत. इथं अडीच महिने चाललंय."

सहाला दहा मिनिटं होती. ती उठली, सहलीच्या ऑफिसला फोन लावला आणि टेकडीवरच्या गावाचं नाव सांगितलं. मागं तो तक्त्याची घडी घालत होता, त्याचा कागद वाजला.

फोन ठेवून ती आतल्या खोलीकडं गेली नाही. परत त्याच्यासमोर येऊन बसली.

"पूल पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "पण त्याच्या तोडीचं दुसरं एखादं गाव हवं. उद्या संध्याकाळपर्यंत शोधून ठेवा."