कारण निवडा

कारपूलच्या ॲपमध्ये चालकाने वाट बदलली, की कारण निवडावं लागे: गर्दी, पंक्चर किंवा रस्ता बंद. यादी डिझायनर बाईंनी स्वतः केली होती. 'इतर' त्यांनी मुद्दामच ठेवलं नव्हतं. लोक तिथे वाट्टेल ते लिहीत बसतात!

एक काका मात्र वर्षभर रोज शाळेजवळचं वळण टाळून लांबून जात आणि 'रस्ता बंद' निवडत. सोबतचे प्रवासी वैतागले. खातं बंद करण्याआधी बाईंनी फोन लावून काकांना चांगलंच फैलावर घेतलं. "अहो, रस्ता तर व्यवस्थित चालू आहे. रोज धडधडीत खोटं का सांगता?"

काकांचा आवाज जराही चढला नाही.



"ताई, त्या वळणावर माझी लेक गाडीखाली गेली. तुमच्या यादीत त्यातल्या त्यात हेच जवळचं वाटलं."