चमचाभर दही

लिस्बनहून व्हिएन्नाला यायला विमानाला साडेतीन तास लागायचे, तेव्हा हृषीकेश आला की आईकडे आठवडाभर राहायचा. आता भिंतीतल्या केबिनमधून क्षणात येता येतं, म्हणून तो रोज येतो आणि चहा निवायच्या आत परततो.

“निघतो गं, आई.”

“थांब, हातावर दही देते.”

कुमुदिनीबाई चमचा घेऊन बाहेर आल्या, तर केबिन रिकामी. तेवढ्यात फोन वाजला.

“पोचलोसुद्धा! दही उद्या दे.”

“बरं.” फोन ठेवून त्या पुटपुटल्या, “पूर्वी निदान एखादं विमान तरी चुकायचं.”

चमच्यातलं दही परत भांड्यात घालवेना. त्यांनी ते आपल्याच तळहातावर घेतलं. त्यांना कुठेच जायचं नव्हतं.