भिंतीवरची सावली

"दिग्या, ती सावली रात्रगरुडाची नाहीच. दिव्याच्या खांबाची आहे," अच्युत म्हणाला.

"असेल," पलंगावरून दिगंबर पुटपुटला.

विद्युतवीर आणि रात्रगरुड एकाच कॉमिकमध्ये पहिल्यांदा कधी आले, यावरून दोघं तरुणपणापासून भांडत होते. एका जुन्या अंकात विद्युतवीराच्या मागे भिंतीवर सावली आहे, तोच रात्रगरुड, असं दिगंबर छातीठोकपणे सांगायचा. आजारपणानंतर मात्र तो कशालाच नाही म्हणेना. जेवणाला हो, उपासालाही हो.

"भावजी, भांडून तरी बघा त्यांच्याशी," असा निरोप वहिनींनीच धाडला होता.

अच्युतने दुपारभर खोड्या काढल्या. रात्रगरुडाला भित्रा म्हणाला, त्याच्या चित्रकाराला रंगारी म्हणाला. दर वेळी उत्तर तेच, "असेल."

शेवटी तो थकला. आता निदान वाचून दाखवू, म्हणून त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून तो अंक काढला आणि भान न राहून बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

"थुंकी?" दिगंबर कोपरावर उठला होता. "गाढवा, माझ्या अंकाला थुंकी लावतोस? ठेव खाली! साबणाने हात धुऊन ये!"

अच्युत मोरीकडे धावला.

"आणि कोरडे कर नीट, बावळटा!" आतून पुन्हा आवाज आला.

हात केव्हाच स्वच्छ झाले होते. आणखी एखादी शिवी येईल म्हणून अच्युतने नळ चालूच ठेवला.