आशयाचा आग्रह

“या भव्य सिनेमांत नुसते डोळे दिपतात, आशय शून्य. आणि हे पार्क म्हणजे तसलाच सिनेमा, फक्त पट्टा बांधून बघायचा,” पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीकडे बोट दाखवत सुहृद म्हणाला. पाहण्याचा कार्यक्रम घरी पोह्यांवर उरकायचा सोडून ऋजुताने त्याला इथे बोलावलं होतं. आधीच्या सगळ्या मुलींनी पहिल्या नजरेतच नकार दिल्यामुळे या वेळी त्याने बोलण्याची आणि दिसण्याचीही जय्यत तयारी केली होती.

“आशयाचं नंतर बघू. आधी रोलर कोस्टर,” ऋजुता म्हणाली.

गाडी ज्वालामुखीच्या तोंडाशी उलटी झाली आणि सुहृदचे केस सुटून खालच्या डायनासोरच्या डोक्यावर जाऊन बसले. अगदी मापात. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

उतरल्यावर सुहृद टकलावर रुमाल धरून नकाराची वाट पाहू लागला. मग त्याने रुमाल खिशात घातला.

“खरं सांगू? मजा आली. आता उडायला काही उरलंही नाही. परत बसू या?”

तेवढ्यात ऋजुताच्या आईचा फोन आला. मुलगा कसा वाटला?

“दिसायला बेताचाच,” रांगेत शिरत ऋजुता म्हणाली, “पण आशय आहे.”