अकोल्याचा आयसो

शुद्ध उच्चार ही अमरावतीची जुनी ठेव आहे. नवरदेवाकडच्या धर्मेंद्र फोटोग्राफरनं ती अकोल्याच्या लग्नात, नवरा-नवरीमध्ये अंतरपाट धरलेला असताना बाहेर काढली.

नवरीकडचा फोटोग्राफर विपुल त्याला सहज बोलून गेला होता, "उजेड कमी आहे, कॅमेऱ्याचा आयसो वाढव."

"आयसो? आय-एस-ओ म्हणतेत, भाऊ."

"आमच्या अकोल्यात आयसोच म्हणतेत."

"म्हणूनच तुमचे फोटो काळे येतेत."

नवरदेवाचे वडील पंजाबराव यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण प्रश्न गावाचा होता. ते गरजले, "धर्मेंद्र, मांगं हटू नको!"

नवरीचे मामा उठले. "इपुल, तू बी हटू नको. फोटो नाही निघाले तं चालतीन!"

मुठीत अक्षता धरून अख्खा मांडव दोन भागांत उभा राहिला. भटजी थांबले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले.

शेवटी अंतरपाटामागून नवरीच बोलली, "काही बी म्हना, पण तो आकडा आठशे करा अन् काढा. माह्या हाराचा फोटो हुकला, तं दोघायलेबी सोडत नाही."

दोघांनी ताठ मानेनं कॅमेरे हातात घेतले. बरीच बटणं दाबून झाल्यावर विपुलनं हळूच विचारलं, "हे बदलते कुठून?"

"मी तुलेच इचारनार होतो," धर्मेंद्र म्हणाला.

दोन्ही कॅमेरे विकत घेतल्यापासून ऑटोवर होते.